उरलेल्या नऊ महिन्यांचं काय?

ऑस्ट्रेलियातल्या महिला रग्बी लीगचा विषय निघाला की चर्चा लगेच पुरुषांचा पगार आणि बायकांचा पगार यावर येऊन अडकते. आकडे आहेतच तसे. २०२३ मध्ये नॅशनल रग्बी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात पाच वर्षांचा सामूहिक करार झाला. महिला खेळाडूंना सामावून घेणारा हा पहिलाच करार. त्यात महिला खेळाडूचा किमान वार्षिक पगार ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर ठरला आणि २०२७ पर्यंत तो ५० हजार ६०० वर जायचा आहे. २०२३ मध्ये पुरुषांचा किमान पगार होता १ लाख २० हजार. एकास चार. (रुपयांत गुणाकार करून ‘सतरा लाख म्हणजे काही वाईट नाही’ असं म्हणण्याआधी सिडनीत घरभाडं भरणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला फोन करावा.)

पण हाच आकडा जरा उलगडून पाहू. २०२३ मध्ये पुरुषांच्या संघाला साखळीत २४ सामने होते, महिलांच्या संघाला ९. किमान पगाराला सामन्यांनी भागलं तर पुरुषाला सामन्यामागे ५,००० डॉलर पडतात आणि बाईला ३,३३३. पुरुषांचा सामना ८० मिनिटांचा, महिलांचा ७०. मिनिटामागे पुरुषाला साडेबासष्ट डॉलर, बाईला साडेसत्तेचाळीसच्या आसपास. वर्षाला चौपट दिसणारं अंतर मिनिटावर आणलं की सव्वापटीच्या थोडं वर उरतं.

यावरून ‘बघा, अन्याय नाहीच’ असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो चूक आहे. संघाच्या सरासरीकडे पाहिलं की चित्र पालटतं. त्या वर्षी पुरुषांच्या क्लबची सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगाराची एकूण मर्यादा, १ कोटी २१ लाख डॉलर होती आणि ती ३० जणांत वाटायची होती. महिलांची होती सुमारे ९ लाख, २४ जणींसाठी. सरासरी काढा: ४ लाखांच्या वर आणि ३७,५०० डॉलर. इथे सामन्यामागचा हिशोबही चौपटीचाच निघतो. म्हणजे वरच्या थरात तफावत दराची आहे आणि तिच्याबद्दल भांडायलाच हवं. पण लीगच्या बहुतेक मुली वरच्या थरात नाहीत. किमान पगाराच्या आसपास जी चौदावी, अठरावी, बाविसावी खेळाडू आहे तिला दराच्या आधी दिवस कमी पडतात. २०२५ चा महिला हंगाम जुलैच्या सुरुवातीला सुरू झाला आणि ५ ऑक्टोबरला अंतिम सामना झाला. ब्रिस्बेन ब्राँकोजने सिडनी रूस्टर्सना २२-१८ असं हरवलं. तीन महिने आणि दोन दिवस. त्याआधीची पूर्वतयारी धरली तरी वर्षाचा मोठा तुकडा मोकळाच राहतो आणि या मोकळ्या तुकड्यातच बहुतेक कारकिर्दी मोडतात.

२०२८ पासूनच्या करारासाठी बोलणी होतील तेव्हा खेळाडूंनी आधी बारमाही करार मागावा, मग लांब हंगाम, आणि वरच्या पगाराचा व नव्या संघांचा मुद्दा त्यानंतर घ्यावा, असं या लेखाचं म्हणणं आहे.

हा खेळ शरीराकडून काय मागतो ते आधी पाहू. आपल्याकडे रग्बी म्हटलं की पंधरा जणांचं किंवा सात जणांचं रग्बी युनियन डोळ्यांपुढे येतं. लीग हा वेगळा खेळ आहे. एका बाजूला तेरा खेळाडू, शिवाय राखीव. चेंडू घेऊन धावणारीला पाडलं की ती जागीच उठते, पायाने चेंडू मागे सरकवते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. असे सहा टॅकल झाले की चेंडू समोरच्या संघाला. जमिनीवर पडलेल्या चेंडूसाठी झोंबाझोंबी नाही, त्यामुळे खेळ थांबत नाही. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे पळावं लागतं आणि लगेच पुन्हा पुढे येऊन धडकावं लागतं. कबड्डीतली पकड आठवा. मग ती पकड मारून मधल्या फळीतल्या मुलीने दहा मीटर मागे धावायचं, पुन्हा पुढे येऊन पुढची पकड मारायची, असं सामन्यात तीसेक वेळा. प्रॉप आणि लॉक या मधल्या फळीतल्या खेळाडूंचं रोजचं काम हेच.

आता एखाद्या क्वीन्सलंडकर खेळाडूचं वर्ष बघू. वर्षाच्या पहिल्या भागात ती राज्य पातळीच्या स्पर्धेत आपल्या स्थानिक क्लबकडून खेळते. मे महिन्यात स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स. ही लढत २०२३ मध्ये दोन सामन्यांची झाली, २०२४ पासून तीन सामन्यांची. २०२५ मध्ये हे तिन्ही सामने १, १५ आणि २९ मे रोजी झाले. जुलै ते ऑक्टोबर राष्ट्रीय लीग. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या संघात, जिलारूजमध्ये, निवड झाली तर आंतरराष्ट्रीय सामने. चार संघ, चार प्रशिक्षक, चार फिजिओ. शिवाय पाचवा मालक म्हणजे तिची नोकरी. रुआन सिम्स ऑस्ट्रेलियाची कर्णधार असताना अग्निशमन दलात काम करत होती. त्या पिढीत हे कौतुकाने सांगितलं जायचं, आजही सांगितलं जातं. कौतुक तिचं व्हावंच, व्यवस्थेचं होऊ नये.

या चार-पाच मालकांपैकी तिच्या वर्षभराच्या श्रमाचा हिशोब कोणाकडे असतो? व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, त्याच्या क्लबकडे. किती किलोमीटर धावला, किती टॅकल केले, मांडीचा स्नायू कधी ताणला गेला, सगळं एका फाइलीत असतं. महिला खेळाडूची ही फाइल दर दोन-तीन महिन्यांनी हात बदलते. आठवड्याचा भार मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या मानाने एकदम वाढला की दुखापतीची शक्यता वाढते, हे कुठलाही ट्रेनर सांगेल. पण ती सरासरी काढायला मागच्या चार आठवड्यांचे आकडे हातात तर हवेत. राज्य संघातून आलेली मुलगी सोमवारी क्लबात हजर होते तेव्हा बऱ्याचदा तिला विचारूनच ते भरले जातात.

सगळ्यात महाग पडतो तो गुडघा. गुडघ्याच्या मध्यभागी असलेलं एसीएल हे अस्थिबंध (लिगामेंट) वळताना हाडं सरकू देत नाही. उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत बायकांना ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. वेगवेगळ्या अभ्यासांत दुप्पट ते आठपट असे आकडे येतात. त्यात बरेचदा टक्कर झालेलीच नसते. धावता धावता बाजूला वळण्यासाठी पाय रोवला, गुडघा फारसा वाकलेला नाही, कंबर एका बाजूला झुकली, गुडघा आत कोसळला आणि ‘टक्’ आवाज. सामन्याच्या शेवटी, मांडीचे स्नायू थकलेले असताना, हे जास्त होतं.

यावर उपाय नाही असं नाही. पंधरा-वीस मिनिटांचा ठरलेला वॉर्म-अप पुरतो. उडी मारून दोन्ही गुडघे बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं, एका पायावर बसणं-उठणं, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम, वळण घेताना पाऊल शरीराच्या जवळ ठेवण्याचा सराव. आठवड्यातून दोन-तीनदा. पण त्याचा उपयोग दिसायला सलग काही आठवडे लागतात आणि सोडला की तो उतरतो. हंगामाच्या तोंडावर सुरू करून हंगामासोबत बंद होणारा कार्यक्रम म्हणजे पावसाळ्यात छत शाकारायला काढण्यासारखं आहे. स्नायूंची ताकद वाढते ती हंगामाबाहेरच्या काळात, आणि त्याच काळात खेळाडू क्लबची नसते.

लिगामेंट तुटलंच तर पुढचं वेळापत्रक असं असतं. शस्त्रक्रिया. पहिले काही आठवडे सूज उतरवणं आणि पाय पूर्ण सरळ करणं. हे दुसरं राहून गेलं तर पुढचं सगळं लंगडतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ रेषेत धावणं. सहाव्याच्या पुढे वळणं. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतलेल्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून नऊ महिने ही खालची मर्यादा मानतात, आणि तीही ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के असेल आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या पार पडल्या असतील तर. यासाठी आठवड्यातून चार-पाच दिवस देखरेखीखाली काम लागतं. आता ऑगस्टमध्ये गुडघा गेलेल्या मुलीचा विचार करा. नऊ महिने मे अखेरपर्यंत. त्यातले पहिले दोन महिने क्लबचा हंगाम चालू आहे, फिजिओ आहे, जिम आहे. ऑक्टोबरात सगळ्यांची पांगापांग होते. नोव्हेंबरात त्याच इमारतीत पुरुषांची पूर्वतयारी सुरू होते. फिजिओ तेच, यंत्रं तीच, दिवे चालूच. त्यात आणखी दोन मुलींना जागा करून द्यायला फार मोठा खर्च येत नाही. पण करारात लिहिलेलं नसेल तर ती जागा कोणाच्या तरी चांगुलपणावर मिळते. २०२३ च्या करारात आरोग्य विमा आला, एकापेक्षा अधिक वर्षांचे करार करायला मुभा आली. या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत, त्याआधी दर हंगामाला पाटी कोरी व्हायची. पण विम्याने शस्त्रक्रियेचं बिल भरलं जातं. सात महिने रोज सकाळी तिच्या गुडघ्याकडे पाहणारा माणूस त्यातून मिळत नाही.

डोक्याच्या दुखापतीत तर छोटा हंगाम थेट नुकसान करतो. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं की सहसा अकरा दिवस खेळायचं नाही, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण अकरा दिवसांत एक सामना जातो, कधी दोन. चोवीस सामन्यांच्या हंगामात दोन सामने म्हणजे बारावा हिस्सा. महिलांच्या अकरा सामन्यांच्या हंगामात (२०२३ मध्ये नऊच होते) जवळजवळ पाचवा. त्यातही बदली आलेल्या मुलीने दोन सामने गाजवले तर जागा परत मिळवायला वेळच शिल्लक नाही. मळमळ, डोकं जड होणं, उजेड सहन न होणं ही लक्षणं डॉक्टरला कळतात ती खेळाडूने सांगितली तरच. न सांगण्यामागचं आमिष आपण हंगाम छोटा ठेवून दुप्पट करतो.

इथे टॅकलच्या तंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘बायकांना हा खेळ झेपत नाही’ हे मत याच ठिकाणी डोकं वर काढतं. चांगल्या टॅकलमध्ये शेवटचं पाऊल समोरचीच्या अगदी जवळ पडतं, कंबर खाली येते, नजर वर राहते, खांदा तिच्या मांडी-कमरेच्या भागावर बसतो, डोकं तिच्या शरीराच्या बाजूला किंवा मागे जातं आणि मग हात आवळले जातात. चुकतं ते तीन ठिकाणी. पाऊल लांब पडलं तर मुलगी हातांनी झेप घेते आणि समोरचीचा गुडघा किंवा कंबर थेट कानशिलावर बसते. डोकं समोरच्या बाजूला गेलं तर ते धावणारीच्या आणि जमिनीच्या मध्ये सापडतं. आणि उभ्याने धडक घेतली तर मागे कोसळताना मान झटका खाते, डोकं जमिनीवर आपटतं. मानेचे स्नायू कमी जाड असल्यामुळे हा तिसरा प्रकार बायकांमध्ये जास्त सतावतो आणि त्यासाठी मानेचे व्यायाम लागतात, वर्षभर. पण मूळ कारण वेगळंच आहे. ऑस्ट्रेलियातला मुलगा लहानपणापासूनच टॅकल करत असतो. आज लीगमध्ये असलेल्या अनेक मुली टच फुटबॉल (न पाडता नुसता हात लावून थांबवायचा खेळ), नेटबॉल किंवा सेव्हन्समधून (सात जणांच्या रग्बीतून) आल्या, आणि अंगावर धावून येणाऱ्या पंच्याऐंशी किलोंच्या प्रॉपला थांबवायला विशीच्या आसपास शिकल्या. आता सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलींसाठी लिसा फियाओला कप, टार्शा गेल कप अशा स्पर्धा न्यू साउथ वेल्समध्ये आहेत, त्यामुळे पुढची पिढी बरीच तयार येईल. तोवर उशिरा शिकलेल्या मुलींना हजारो आवर्तनांची उसनवारी फेडायची आहे, आणि संध्याकाळी साडेसहाला, आठ तासांच्या कामानंतर, थकलेल्या पायांनी केलेल्या आवर्तनांत शरीर चुकीचंच तंत्र पक्कं करतं.

संघाचा खेळ चालवणाऱ्या हाफबॅकचंही तेच. पाचव्या टॅकलनंतर चेंडू कुठे मारायचा, यावर सामने ठरतात. उंच मारून विंगरवर टाकायचा, गवतातून सरकवत गोलरेषेपाशी थांबवायचा, की कोपऱ्यात लांब. याला डोळा लागतो आणि डोळ्याला पुनरावृत्ती. २०२३ चा अंतिम सामना २४-१८, २०२४ चा ३२-२८, २०२५ चा २२-१८. तिन्ही सामने एका फटक्यावर इकडचे तिकडे झाले असते. ही गुणवत्ता अर्धवेळ सरावातून आलेली आहे, हे लक्षात घेतलं की पूर्णवेळात काय होईल याची कल्पना करता येते.

खाण्याकडे तर कोणी बघतच नाही. पंचाहत्तर किलोच्या फॉरवर्डला दिवसाला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम प्रथिनं लागतात, चार-पाच वेळांत विभागून. नोकरीच्या जेवणाच्या सुट्टीत सँडविच, गाडीत केळं, रात्री साडेनऊला सरावानंतर पहिलं पूर्ण जेवण, या दिनक्रमात ती भरत नाहीत आणि एकूण उष्मांकही कमी पडतात. महिनोन्महिने असं चाललं की पाळी अनियमित होते किंवा थांबते, लोह कमी होतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात, पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. कागदावर नोंद होते ‘ताणामुळे झालेलं फ्रॅक्चर’. खरं कारण जेवणाची वेळ.

मूल हा विषय करारात आला, हे २०२३ च्या बोलण्यांचं खरं यश म्हणायला हवं. गरोदरपण आणि पालकत्वाचं धोरण पहिल्यांदाच लेखी झालं. सॅम ब्रेमनर आई झाल्यावर परतली आणि २०२२ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाकडून खेळली. पण एका परतलेल्या खेळाडूच्या मागे न परतलेल्या किती, हे कोणी मोजत नाही. धडकेचा खेळ गरोदरपणात लगेच थांबवावा लागतो. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे आणि ओटीच्या तळाचे स्नायू सावरायचे, मग धावणं, मग ताकद, मग धडक. वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं. त्या काळात करार संपत असेल तर धोरण चांगलं असूनही क्लबला काही वाईट करावंच लागत नाही. नूतनीकरण केलं नाही, इतकंच.

आता विस्ताराकडे वळू. २०१८ मध्ये चार संघ होते. मग सहा, २०२३ मध्ये दहा, २०२५ मध्ये बारा. विस्तार म्हणजे प्रगती असं समीकरण मांडलं जातं. काही अंशी खरंही आहे: टाउन्सव्हिल किंवा कॅनबेराच्या मुलीला आता घर सोडून सिडनीला जावं लागत नाही. पण न्यूझीलंड वॉरियर्सची गोष्ट विसरू नये. हा पहिल्या चारांतला संघ करोनाकाळात, २०२० नंतर, बाहेर पडला आणि थेट २०२५ मध्ये परतला. पुरुषांचा वॉरियर्स संघ त्याच काळात ऑस्ट्रेलियात तळ ठोकून खेळत राहिला. संकट आलं की आधी काय कापलं जातं, हे तेव्हा दिसलं. करार वर्षभराचा आणि अनेक वर्षांचा असता तर संघ गुंडाळणं इतकं स्वस्त पडलं नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत इंग्लंडकडे पाहिलं तर अर्धवेळ पगारानेही किती फरक पडतो ते कळतं. तिकडे महिला सुपर लीग २०१७ पासून आहे, पण लीड्स आणि यॉर्क या क्लबांनी खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली ती २०२३ च्या सुमारास. बाकी बहुतेकींसाठी हा अजूनही नोकरी सांभाळून खेळायचा खेळ. त्याच वर्षी इंग्लंडच्या खेळाडू जॉर्जिया रोश ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला, फ्रॅन गोल्डथॉर्प नॉर्थ क्वीन्सलंडला आणि हॉली-मे डॉड कॅनबेराला निघून गेल्या. मार्च २०२५ मध्ये लास वेगासला ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड समोरासमोर आले तेव्हा निकाल लागला ९०-४. इंग्लंडच्या मुलींमध्ये धैर्य कमी होतं असं कुणीही म्हणणार नाही. त्यांच्या आठवड्यात तास कमी होते.

विरोधी बाजूचे तीन मुद्दे गंभीर आहेत. पहिला, उत्पन्न कुठे आहे? महिला लीग अजून स्वतःचा खर्च भागवत नाही. मान्य. पण २०२४ च्या ओरिजिनमध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर २५ हजारांहून अधिक लोक आले, आणि ज्या संस्थेचा २०२३ चा महसूल ७० कोटी डॉलरच्या आसपास व शिल्लक पाच कोटींच्या वर होती तिच्याकडे पैसा नाही असं म्हणता येत नाही. पापुआ न्यू गिनीचा पुरुष संघ २०२८ मध्ये उतरणार आहे, त्यासाठी आणि प्रशांत महासागरी देशांतल्या लीगच्या वाढीसाठी ऑस्ट्रेलियन सरकारने दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देऊ केले आहेत. पैसा आहे. रांग कुणाची आधी, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा, खेळाडूंनाच नोकरी सोडायची नसते. हाही खरा आहे. तिशीत निवृत्त झालेल्या परिचारिकेला किंवा शिक्षिकेला परतायला जागा असते, निव्वळ खेळाडूला नसते. ॲली ब्रिगिनशॉसारखी खेळाडू ब्राँकोजच्या २०१८, २०१९, २०२० आणि २०२५ अशा चारही विजेतेपदांत असते, पण तशा किती? मात्र बारमाही करार म्हणजे दुसरं काम बंद, असं कुठे आहे? शिक्षण किंवा अर्धवेळ नोकरीसाठी आठवड्यातला दीड दिवस करारातच राखून ठेवता येतो. आज तिला नोकरी सोडता येत नाही आणि नीट करताही येत नाही, कारण कुठल्या महिन्यात कुठला संघ कधी बोलावेल ते मालकाला सांगता येत नाही. वर्षाचं वेळापत्रक हातात असेल तर इस्पितळातल्या पाळ्यासुद्धा लावून घेता येतात.

तिसरा, दुसऱ्या कुणी असं केलंय का? शेजारीच केलंय. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या तिकडच्या खास खेळाच्या महिला लीगने २०२३ च्याच करारात बारा महिन्यांचे करार मान्य केले. रग्बी सेव्हन्सच्या राष्ट्रीय संघातल्या मुली तर त्याआधीपासून पूर्णवेळ आहेत. एमा टोनेगाटो २०१६ मध्ये रिओला सेव्हन्सचं सुवर्ण जिंकून नंतर लीगमध्ये परतली आणि २०२१ च्या हंगामाची सर्वोत्तम खेळाडू म्हणून डॅली एम पदकाची संयुक्त मानकरी ठरली. ती इकडे आली, पण वारा दोन्ही दिशांनी वाहतो. सोळा वर्षांची चपळ, ताकदवान मुलगी आज तीन-चार खेळांना हवी आहे आणि तिचे आईवडील पहिला प्रश्न विचारतात तो वर्षभराचाच.

हे वाचताना आपल्याकडची कबड्डी आठवते आणि गंमत वाटते. महिला कबड्डीत आपण बरोबर उलटं केलं. खेळाडूला रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी मिळते, महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार होतो, बारा महिने. पण रुजलेली लीग नाही. २०१६ मध्ये तीन संघांचं विमेन्स कबड्डी चॅलेंज झालं, स्टॉर्म क्वीन्स जिंकल्या, आणि पुढच्या वर्षी ते नव्हतं. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही पुरुषांची. आपल्याकडे वर्ष आहे आणि हंगाम नाही. त्यांच्याकडे हंगाम आहे आणि वर्ष नाही. सिडनीतल्या एखाद्या राखीव खेळाडूला मध्य रेल्वेच्या क्रीडा कोट्याबद्दल सांगितलं तर ती अर्जाचा नमुना मागेल.

शेवटी खर्च. बारा संघ, प्रत्येकी चोवीस, म्हणजे २८८ खेळाडू. २०२७ मध्ये सॅलरी कॅप सुमारे १५ लाखांवर जाईल, म्हणजे एकीला सरासरी साडेबासष्ट हजार आणि सगळ्या लीगचा मिळून १ कोटी ८० लाख डॉलर. ऑस्ट्रेलियातलं राष्ट्रीय किमान वेतन जुलै २०२५ मध्ये आठवड्याला ९४८ डॉलर झालं, वर्षाला ४९ हजारांच्या वर. लीगचा २०२७ चा किमान पगार २०२५ च्या या आकड्याच्या जेमतेम पुढे असेल. समजा बारमाही करारासाठी सरासरी ८५ हजारांवर नेली. एकूण होतात सुमारे २ कोटी ४५ लाख. फरक ६५ लाख डॉलरचा, म्हणजे पुरुषांच्या एका क्लबच्या २०२३ च्या सॅलरी कॅपच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यावर हंगामाबाहेर दर क्लबला एक फिजिओ, एक ताकदीचा ट्रेनर आणि डॉक्टरचे ठरावीक तास.

मसुद्यात तीन कलमं आधी लिहावीत. करार १ नोव्हेंबरला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपेल, मध्ये सहा आठवड्यांची पगारी रजा असेल. सरावात किंवा सामन्यात, मग तो क्लबचा असो, राज्याचा असो की देशाचा, दुखापत झाली तर मैदानावर परतण्याची चाचणी पार होईपर्यंत करार संपणार नाही. आणि खेळाडूची भाराची व दुखापतींची नोंद एकच असेल, ती क्लबकडे राहील आणि राज्य व राष्ट्रीय संघ त्यातच लिहितील. हंगाम अकरावरून पंधरा-सोळा सामन्यांवर न्यायचा तो यानंतर, दोन वर्षांनी, पहिल्या बारमाही पूर्वतयारीतून बाहेर पडलेल्या गुडघ्यांची मोजदाद झाल्यावर. तेरावा संघ त्याच्याही नंतर.